दर पावसाळ्यात बिडाच्या चुलीवर गंज परत येतो : चार वर्षं मी चुकीच्या बाजूने घासत होते

तक्रार आधी सांगते. तुमचीही तीच असेल तर पुढे वाचा. बिडाची जुनी चूल, म्हणजे ओतीव लोखंडाची, पुढे दार, वर दोन कड्यांचं तोंड आणि मागे धुराड्याचा पाइप. एप्रिल-मेमध्ये घासूनपुसून, रंगवून ती लख्ख करायची. गणपती येईपर्यंत अंगावर नारिंगी ओघळ, रंगाला पोपडे, बोट लावलं की भुकटी. दिवाळीनंतर पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. पुढच्या गणपतीत पुन्हा तेच.

आमच्या घरात हिला ‘सायबाची चूल’ म्हणतात. आजोबा माथेरानला एका बंगल्यावर मुकादम होते. बंगला विकला गेला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकाने ही चूल दिली. माथेरानला मोटारीला आजही मज्जाव आहे, तेव्हा तर प्रश्नच नव्हता. आजोबांनी चूल खोलून तिचे पत्रे सुटे केले, प्रत्येकाच्या कडेला छिन्नीने खाचा पाडल्या (एक खाच पुढचा, दोन डावा, अशा), आणि गड्यांच्या डोक्यावरून नेरळला उतरवली. तिथून कर्जतच्या घरी. त्या खाचांबद्दल पुढे बोलायचंच आहे.

कर्जतला ती पन्नासेक वर्षं परसात पेटत होती. अंघोळीचं पाणी, भाताची पेज, थंडीत वांग्याचं भरीत. 2019 मध्ये घराची वाटणी झाली आणि चूल माझ्या वाट्याला आली. ऐरोलीत आमचं सिडकोचं बैठं घर आहे, मागे अंगण आणि पत्र्याची शेड. चूल शेडखाली बसवली. वर्षातून आठ-दहा वेळा पेटवायची, तीही डिसेंबर-जानेवारीत. आणि त्याच वर्षीपासून गंजाचा हा फेरा सुरू झाला.

केलेले उपाय क्रमाने सांगते, कारण तुम्हीही यातलं काहीतरी करून बसला असाल.

पहिल्या वर्षी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा काळा रंग. पहिल्याच जाळात रंग फुगला आणि घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. साधा तैलरंग चुलीच्या तापमानाला टिकतच नाही, हे मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बिडाच्या तव्याची युक्ती लावली. खोबरेल आणि मोहरीचं तेल भरपूर चोपडलं आणि वरून निळी ताडपत्री घट्ट बांधली. सप्टेंबरात ताडपत्री सोडली तर आत पाण्याचे थेंब लोंबत होते, तेल चिकट होऊन त्यावर धूळ आणि मुंग्या, आणि त्याखाली गंज. सगळ्यात वाईट वर्ष ते. घट्ट बांधलेलं प्लास्टिक पाऊस बाहेर ठेवतं आणि ओल आत कोंडतं. सत्तर-ऐंशी किलोचं बीड रात्री गार होतं आणि सकाळी दमट, उबदार हवा लागली की थंड ताकाच्या लोट्याला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. ताडपत्रीखाली तो सुकायला जागाच नसते.

तिसऱ्या वर्षी म्हटलं, आता पैसे खर्च करू. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये वाळूच्या फवाऱ्याने सगळे पत्रे साफ करून घेतले. काम सुंदर झालं, धातू राखाडी चांदीसारखा निघाला. पण जुलै महिना. त्यांनी तो माल रात्रभर उघडा ठेवला आणि सकाळी टेम्पोत चढवताना त्यावर हळदीसारखी पिवळी झाक आली होती. ‘मॅडम, हे काही नाही, वरून रंग मारा.’ मारला. उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा रंग, तोही महागाचा. गंजाच्या पापुद्र्यावर मारलेला रंग म्हणजे ओल्या भिंतीवर मारलेला चुना.

चौथ्या वर्षी मी खाडीला दोष द्यायला लागले होते. ऐरोलीची खाडी आमच्यापासून जवळ. फ्लेमिंगो यायला लागले की वाऱ्याला खारट वास येतो. सगळे म्हणायचे, ‘अगं, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, दे भंगारात.’ यात तथ्य आहे. मिठाचे कण लोखंडावर बसले की ते कमी दमट हवेतही ओल ओढून घेतात आणि गंज लवकर चढतो. पण एक गोष्ट मनात खुपत होती. कर्जतला ऐरोलीपेक्षा पाऊस जास्त पडतो. डोंगराच्या पायथ्याचं गाव ते. तिथे ही चूल पन्नास वर्षं परसात राहिली आणि कुणी तिला कधी रंग लावला नाही. मग तिथे ती का नाही गंजली?

उत्तर आत्याने दिलं, तेही पाच मिनिटांत.

गौरी-गणपतीला ती कर्जतहून आली होती. मी कौतुकाने आणि थोड्या रडक्या आवाजात चूल दाखवली. तिने चष्मा लावला, खाली वाकली आणि ओघळांवरून बोट फिरवलं. ‘हे बघ, हे पाणी वरून नाही आलं. सगळे ओघळ सांध्यातून सुरू झालेत. आतून पाझरतंय.’ मग दार उघडून, पदर सावरून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाच्या फटीतून मूठभर राख बाहेर काढली. राख ओल्या कणकेसारखी. ‘राख काढली नाहीस का गं?’

मी काढली होती, पण दिसत होती तेवढीच. या चुलीला जाळाखाली एक आणि पाठीमागे एक असे दुहेरी पत्रे आहेत. धूर फिरून जावा आणि उष्णता जास्त मिळावी म्हणून मागचा आडवा पत्रा असतो. त्याच्या पोटात कित्येक वर्षांची राख साठली होती. वर्कशॉपनेही ते दोन पत्रे एकमेकांपासून सोडवले नव्हते, जोडीनेच फवारले होते. नंतर खोलून काढली तेव्हा अर्धी बादली भरली.

राख ओल का धरते, हे पावसाळ्यात मिठाची बरणी पाहिलेल्या कुणालाही कळेल. लाकडाच्या राखेत बहुतेक भाग चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, पण त्यासोबत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो, इतकं की स्वतः विरघळायला लागतो. पूर्वी राखेचं पाणी घेऊन कपडे धूत, ते याच क्षाराच्या जोरावर. मी शहानिशा म्हणून कोरडी, चाळलेली राख एका वाटीत घालून शेडमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी तिचे गोळे झाले होते.

रसायनशास्त्र शिकलेली माझी भाची इथे अडली. ‘मावशी, राख अल्कली असते. अल्कलीत लोखंड उलट गंजत नाही.’ बरोबर आहे तिचं. नुसती राख आणि शुद्ध पाणी असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. पण आत नुसती राख कुठे आहे? अर्धवट जळलेल्या लाकडाच्या काजळीत आणि डांबरासारख्या थरात आम्लं असतात. राखेत थोडे क्लोराइडचे क्षारही असतात. वरून खाडीचं मीठ. राख या सगळ्याला चार महिने ओलं ठेवते. क्लोराइड असलं की अल्कलीचं ते संरक्षणही मोडतं.

आणि कर्जतचं कोडं? तिथे चूल रोज पेटायची. रोज सकाळी बीड तापायचं, ओल उडून जायची, आजी रोज राख काढून भांडी घासायला न्यायची. चुलीची निगा म्हणजे तिचा वापर. माझ्या घरी तिला सुट्टी मिळाली, आणि सुट्टीतच ती सडली.

आता दुरुस्ती. मी 2022 च्या नोव्हेंबरात सुरू केली आणि डिसेंबर अखेरीस संपवली. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

चूल पूर्ण खोलावी लागते, त्याला पर्याय नाही. चार लांब सळया वरपासून खालपर्यंत जातात, टोकांना नट. ते गंजून घट्ट झालेले. रॉकेल आणि गंज सोडवायचा स्प्रे दोन्ही वापरले, तीन दिवस संध्याकाळी थोडं-थोडं सोडत राहिले. तरी दोन नट कापावेच लागले. घाईने हातोडा मारू नका. बीड कडक असतं पण ठिसूळ. त्यात कार्बन दोन ते चार टक्के असतो, बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात, आणि त्या पापुद्र्यांच्या रेषेतच ते तडकतं. पोलादासारखं वाकत नाही. पत्रे सुटे झाल्यावर आजोबांच्या खाचा दिसल्या. मी खडूने नंबर घातले होते, ते पहिल्याच धुण्यात गेले. खाचा राहिल्या.

जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जायला नको. पाणी मारून ओलं घासा. आणि दाराच्या खोबणीत जुनी पांढुरकी दोरी असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती ओली करून, मास्क लावून, न चुरडता काढायची आणि पिशवीत बंद करायची. माझ्या दारात होती.

गंज काढायला मी शेवटी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरला. प्लास्टिकच्या मोठ्या टबमध्ये पाणी, लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नव्हे). चुलीचा पत्रा चार्जरच्या निगेटिव्ह टोकाला. पॉझिटिव्हला बांधकामाच्या साध्या सळईचे तुकडे, पत्र्याला न टेकता चारही बाजूंनी. 12 व्होल्टवर रात्रभर. सळया खंगतात, पत्र्यावरचा गंज काळा आणि मऊ होऊन ब्रशने निघतो. फार ओरखडलं जात नाही, आणि खाचाखोचांत बसलेलं मीठही यात बाहेर येतं, म्हणून मला ही पद्धत वाळूच्या फवाऱ्यापेक्षा बरी वाटते. दोन पथ्यं पाळा. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि हे काम उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-सिगारेट तर नाहीच. टबात हात घालायच्या आधी चार्जर बंद.

छोट्या भागांना, म्हणजे जाळी आणि कड्यांना, व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं. पण दोन-तीन तासांनी बघत राहा. रात्रभर ठेवलं की आम्ल बीडच खायला लागतं. माझं एक कडं असंच खडबडीत झालं.

मीठ खरंच गेलं का, हे भाचीने शोधलं. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड आहे. पहिल्यांदा दुधाळ झालं आणि आम्ही हबकलो. मग लक्षात आलं की नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतंच. त्यामुळे शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा आणि त्याचीच चाचणी घ्या. अर्थात एवढं कुणी करायलाच हवं असं नाही. तीन-चार वेळा उकळत्या पाण्याने धुतलं तरी बराच फरक पडतो.

धुतल्यावर हाताशी दहा मिनिटंही नसतात. उघड्या बिडावर डोळ्यांदेखत पिवळी झाक चढते. फडक्याने पुसून पत्रा लगेच गॅसच्या शेगडीवर किंवा कडक उन्हात तापवा आणि हाताला सोसेल एवढा गरम असतानाच पुढचा हात द्या. मी डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल, त्यात ग्रॅफाइट पावडर कालवून लावलं. जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकून घट्ट होतं, खोबरेल कधीच तसं सुकत नाही. थर इतका पातळ की लावून झाल्यावर ‘सगळं पुसूनच टाकलं की’ असं वाटावं. पुसलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नका. या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उन्हात सुटी पसरून वाळवा.

पायांना आणि राखेच्या खणाला, जिथे जाळ फारसा पोचत नाही, तिथे आत्याच्या सांगण्यावरून हिरड्याचं पाणी लावलं. हिरडा कुटून उकळायचा, गाळायचा, गरम-गरम फासायचा. हिरड्यातलं टॅनिन उरलेल्या गंजाशी मिळून काळं-निळं होतं, पूर्वी शाई करायचे तीच गोष्ट. दोन हात दिले की पाय काळे कुळकुळीत. जाळाच्या पत्र्यांना हे लावण्यात अर्थ नाही, उष्णतेने ते टिकत नाही.

जोडताना सांध्यांत फायर सिमेंट, म्हणजे जाळ सोसणारं सिमेंट, भरायचं, साधं सिमेंट किंवा एम-सील नाही. दाराला काचेच्या धाग्याची दोरी. मी ती मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणली, कारण इकडच्या दुकानांत ‘गॅस्केटची दोरी’ म्हटलं की प्रेशर कुकरची रिंग काढून दाखवत होते. नट अगदी आवळू नका, बिडाला तापून फुगायला थोडी जागा लागते. मग लगेच मोठा जाळ करायचा नाही. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीचा. पहिल्या दोन जाळांत तेलाचा धूर येतो, तेव्हा मुलांना आत पाठवा.

तडा आहे का, हे खोललेलं असतानाच बघून घ्या. मडकं विकत घेताना वाजवतो तसं पत्रा टांगून लाकडाने वाजवायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर संशय. मग त्या जागी रॉकेल फासायचं, दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि खडूची पूड लावायची. तडा असेल तर रॉकेल पाझरून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. माझ्या राखेच्या दाराच्या कोपऱ्यात बोटभर रेघ निघाली. रबाळ्याला वेल्डिंगवाल्याकडे गेले तर पहिला म्हणाला, ‘ताई, दोन मिनिटांचं काम.’ दोन मिनिटांत करणाऱ्याकडे देऊ नका. साध्या रॉडने मारलेला जोड बिडात टिकत नाही, शेजारीच नवा तडा जातो. निकेलचा रॉड हवा, पत्रा आधी तापवायला हवा आणि नंतर वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश गार करायला हवा. दुसऱ्या वर्कशॉपमधल्या वयस्कर काकांनी मला हे स्वतःहूनच सांगितलं, तेव्हाच पत्रा त्यांच्या हातात दिला. तापलेल्या चुलीवर गार पाणी सांडणं हे तड्याचं नेहमीचं कारण. आमच्याकडे बहुधा कुणाची तरी अंघोळीची बादली हिंदकळली असणार.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एवढंच : बंद खोलीत किंवा गॅलरीत ही चूल पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यानंतर पावसाळ्याची व्यवस्था. मेच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचा जाळ चांगला कडक करायचा. दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, मागचा आडवा पत्रा काढून राख खरवडायची. मी तो पत्रा बसवताना दोन खिट्ट्यांवर ठेवला आहे, म्हणजे आता सगळी चूल खोलावी लागत नाही. मग आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा. धुराड्यातूनही पावसाचं पाणी आत यायचं, हे मला फार उशिरा कळलं. पायांखाली विटा, कारण शहाबादी फरशीला ओल येते. ताडपत्रीऐवजी जुनी सुती चादर सैल टाकायची, दार बोटभर उघडं.

आणि आत झिरोचा बल्ब. पूर्वी कपाटात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून लावत तो. नाव झिरो असलं तरी जुना पिवळा बल्ब 12 ते 15 वॅट खातो आणि त्यातलं बहुतेक उष्णतेतच जातं. तेच आपल्याला हवं आहे. एलईडी चालणार नाही. बीड आजूबाजूच्या हवेपेक्षा जरा उबदार राहिलं की त्याला घाम सुटत नाही. चार महिने दिवसरात्र लावला तर 15 वॅटने साधारण 44 युनिट होतात. लोखंडात वायर जातेय आणि अंगण ओलं आहे, म्हणून ती लाइन अर्थिंगची आणि ईएलसीबीवरचीच (वीज गळली की लाइन आपोआप तोडणाऱ्या स्विचवरचीच) हवी. बल्ब चादरीला किंवा तेलाच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली की एकदा काटक्यांचा छोटा जाळ करते, बल्ब आणि चादर काढून, आणि गार झाल्यावर लगेच राख काढते.

2023 पासून ओघळ आलेले नाहीत. एक जागा तेवढी राहिली आहे. पाठच्या पत्र्यावर, खाली उजवीकडे, ओतकामातच राहिलेली एक पोकळी आहे, रुपयाएवढी. तिच्यात ब्रशही पोचत नाही आणि तेलही. दर ऑगस्टला तिथे तपकिरी ठिपका उमटायचा. आता मी जूनमध्ये त्यात वितळलेलं मेण भरते. डिसेंबरच्या पहिल्या जाळात ते वितळून जातं, पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरते.